चित्रकलेच्या बाई आजारी आहेत

युआनलिंग, ३ मार्च १९९६

चि. वेइपिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझी जिंगशू मजेत आहे. माझ्या हातची तिखट मासळी खाऊन गाल वर आलेत. आणि बरं का, भूमितीचं घोडं गंगेत न्हालं! पुस्तकातला घन तिला सपाटच दिसायचा. मी वर्गात लाकडी पेटी मांडून तिचं चित्र काढायला लावलं, तर मागची न दिसणारी कड तिने आपणहून काढली. तेव्हापासून गणितात तिचा हात कुणी धरत नाही.

पण तिच्या नववीच्या वर्गाचे माझे तास यंदाही प्रवेश परीक्षेपायी गणिताला जाणार. गणिताचे सर वर्गात सांगणार, चित्रकलेच्या बाई आजारी आहेत, आणि मी ठणठणीत बाई घरी बटाटे सोलत बसणार. यंदा मी भांडणार आहे. बाप म्हणून मुख्याध्यापकांना दोन ओळी लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
सूयुन

डोंगग्वान, १४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? तुझंच बघ ना. पोरीला पुढे प्रवेश मिळाला नाही, तर माझ्यासारखी इथे कारखान्यात बाहुल्यांना डोळे चिकटवत बसेल. तिला गणिताचे तास जास्त मिळू देत. मुख्याध्यापकांना मी तसंच कळवलंय. यंदाही आजारी पड, माझ्यासाठी.

भांडलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा वेइपिंग

युआनलिंग, २० जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तारेत सगळं लिहिता आलं नाही. त्या दिवशी सकाळी आत्याच्या पोटात दुखू लागलं, तेव्हा मी शाळेत होते. तिने निरोप पाठवला. शिपायाने वर्गाच्या दारातून सांगितलं, चित्रकलेच्या बाई आजारी आहेत. सर म्हणाले, त्या तर मार्चपासूनच आजारी आहेत. सगळा वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

संध्याकाळी घरी गेले तर ती जमिनीवर पडली होती. आतडं फुटलं होतं. सकाळी आणलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. बाबा, मला तुमचा राग येतो, आणि माझाही.

परीक्षेत घनाचा प्रश्न आला होता. मार्चपासून आम्ही आकृत्या नुसत्या पाठ करत होतो. मागची कड कुठे असते ते मला दिसेचना. पुढे प्रवेश मिळणार नाही. तुमच्याकडे डोळे चिकटवायला मुलगी हवी असेल तर विचारून ठेवा.

हे वाचूनही मायेत अंतर पडू देऊ नका.

तुमची,
जिंगशू