मुकादम उलटा चालतो

४ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मुकादम परवा सकाळी सुखरूप पोचला. जावईबापूंनी गाडीतून उतरवल्यावर त्याने आधी माझा वास घेतला, मग घराकडे पाहिलं आणि मंजुरी दिल्यासारखी शेपटी एकदाच हलवली. तेरा वर्षांचा कुत्रा, पण रुबाब निवृत्त साहेबाचा. नाव तू अगदी बरोबर ठेवलं आहेस. चाळीस वर्षं मी लोकांच्या फरश्या पॉलिश केल्या, तेव्हा माझ्या डोक्यावरचे मुकादमही असेच काही न बोलता नुसते बघत उभे राहायचे.

तो मजेत आहे. व्हरांडा त्याला फारच आवडलेला दिसतो, तिथून हलत नाही. हॉलमधल्या काळ्या फरशीवर तर त्याला पाऊल ठेववत नाही, इतका तो तिला मान देतो. माणसांना नसते एवढी कदर या जनावराला आहे. तुझी वहिनी गेली तीस वर्षं त्या फरशीवर पायपुसणं टाकू द्या म्हणून मागे लागली आहे, तिने याच्याकडून शिकावं.

आपलं ठरलंय ते लक्षात असू दे. मुकादम आमच्याकडे रुळला, तर गुडघ्याच्या ऑपरेशनमधून बरी झाल्यावर तूही कायमची इकडे यायचंस. ऑपरेशनपुरती तू राहतेस त्या लेकीच्या बिल्डिंगमध्ये कुत्र्याला मज्जाव, आणि तुझ्या घरी तू एकटी, हे मला पसंत नाही. मागची खोली रिकामी केली आहे. मुकादम रुळल्यातच जमा आहे, तेव्हा तू सामान आवरायला घे.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो वाढवायचं काम तुझ्याकडे.
तुझा दादा

५ मार्च

प्रिय बेबीवन्सं,
स. न. वि. वि.

यांचं पत्र मिळालं असेल. त्यात मुकादम पोचला एवढंच खरं आहे.

पहिल्या दिवशी तो दारातून ऐटीत आत आला आणि चौथ्या पावलाला त्याचे चार पाय चार दिशांना गेले. पोटावर घसरत तो सोफ्याखाली शिरला. बाहेर काढायला आम्हाला पाऊण तास लागला, कारण ओढलं की तो आणखी घसरायचा आणि घसरला की आणखी घाबरायचा. तेव्हापासून उंबऱ्याच्या बाहेर बसून आहे. पाण्याचं भांडं स्वयंपाकघरात होतं, ते मी गुपचूप व्हरांड्यात नेलं.

यांचं म्हणणं असं की फरशीवर बारीक धूळ बसली असेल, म्हणून पाय सरकतो. त्यावर इलाज काय करावा? रविवारी यांनी फरशी घासायचं मशीन काढलं, चकाकी आणणारा नमदा लावला आणि अख्खा हॉल नव्याने पॉलिश केला. संध्याकाळी बिचाऱ्याला बिस्किट दाखवून आत बोलावलं. या खेपेस तो सोफ्याशी थांबला नाही, थेट फ्रिजपर्यंत गेला. बिस्किट इथेच राहिलं.

मी लिहिलं हे यांना कळू देऊ नका. तुमचा गुडघा कसा आहे ते मात्र खरंखरं लिहा, आमच्या घरात खरं लिहिणारं कुणीतरी एकाहून जास्त हवं.
तुमची आठवण काढणारी,
वहिनी

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. मुकादम फरशीला मान देतो हे वाचून तर मी आणि लेक पोट धरून हसलो. त्याने आजवर कुणालाच मान दिलेला नाही. माझ्या घरी तर तो माझ्या उशीवर झोपायचा.

मला कुणी काही कळवलेलं नाही, पण तेरा वर्षं सांभाळलाय म्हणून विचारते. त्याचा पाय सरकत नाही ना? त्याच्या पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले की ते गाद्यांवर येतात आणि पकड सुटते. ते जपून कापून घे, नखंही काप. सोबत चार मोजे पाठवते आहे, तळाला रबराचे ठिपके असलेले. लेकीच्या पाळण्यातल्या बाळाचे आहेत, मुकादमाला बहुधा होतील.

माझं म्हणशील तर वॉकर घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. व्यायाम घेणाऱ्या बाई फार कडक आहेत. मी हुशार विद्यार्थिनी आहे असं त्या माझ्यासमोर म्हणतात आणि लेकीला बाहेर नेऊन वेगळंच सांगतात.

एक मात्र स्पष्ट सांगते. मुकादमाला तिथे त्रास होत असेल तर लपवू नकोस. त्याची दुसरीकडे सोय बघेन, आणि मग माझंही इकडेच काहीतरी बघावं लागेल.

तुझी माया आहे तशी असू दे, पत्र मात्र लांब धाड.
तुझी बेबी

१९ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुला कुणी काही कळवलेलं नाही हे मी न विचारता तू लिहिलंस, त्यावरून कुणी कळवलं ते मला कळलं. असो. आता लपवण्यात अर्थ नाही. तुझा कुत्रा घसरतो.

केस कापले. नखं कापताना मी त्याला धरलं आणि तुझ्या वहिनीने कापली, की तिने धरलं आणि मी कापली, यावर आमचं अजून एकमत नाही, कारण दोघांच्याही हाताला बँडेज आहे. मोजे घातले. पहिल्या दिवशी तो चार मोजे घालून पाहुण्यासारखा अवघडून बसला. दुसऱ्या दिवशी तीनच होते. चौथा कुठे गेला ते आम्हाला तिसऱ्या दिवशी बागेत समजलं.

मग त्याने स्वतःच एक युक्ती काढली. तो आता हॉलमध्ये उलटा चालतो. उंबऱ्याशी पाठ फिरवतो आणि एकेक पाय मागे टाकत, आधी शेपटी मग बाकीचा मुकादम, असा आत येतो. शेजारचे गृहस्थ पेपर मागायला आले होते, त्यांनी ते पाहिलं आणि पेपर न घेताच परत गेले.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. मी त्यांना आधीच सांगितलं, याचं नाचता येईना अंगण वाकडं असं झालंय. बाई दारातून आत आल्या, दुसऱ्या पावलाला त्यांनी भिंत धरली आणि म्हणाल्या की या घरात अंगण खरोखरच वाकडं आहे. कुत्र्याचं वय झालंय, मागच्या पायात जोर नाही, असाच घसरत राहिला तर खुबा निखळेल, म्हणून फरशीवर रबरी बुडाचे गालिचे टाका. बेबी, या फरशीत पाहून लोकांनी भांग पाडले आहेत! वर्षानुवर्षं एकही रविवार न चुकवता मी ती घासली आहे. तिच्यावर गालिचा म्हणजे देखण्या माणसाने तोंडावर रुमाल बांधून फिरण्यासारखं.

तरी चार पायपुसणी टाकायची परवानगी दिली आहे. तूर्तास.
तुझा दादा

२६ मार्च

प्रिय बेबीवन्सं,
स. न. वि. वि.

पायपुसण्यांची कथा ऐका. यांनी रबरी बुडाची आणू दिली नाहीत, रबराचे डाग पडतील म्हणून. साधी सुती टाकली. मुकादम पहिल्यावर चढला आणि पायपुसण्यासकट कपाटापर्यंत गेला. मग हे प्रत्येक पायपुसण्याचं टोक पायाने दाबून उभे राहू लागले. तो पुढच्यावर आला की मागचं उचलायचं, पुढे नेऊन घालायचं, पुन्हा दाबून उभं राहायचं. जरा उशीर झाला की तो भुंकतो. चाळीस वर्षं मुकादमांच्या नावाने बोटं मोडली, आता सत्तराव्या वर्षी एकाच्या हाताखाली पुन्हा कामाला लागलेत.

हसून झालं असेल तर पुढचं वाचा. शुक्रवारी तसंच पायपुसणं नेताना यांचाच पाय सरकला. आपण पडलो नाही, जरा टेकलो, असं म्हणतात. मनगट सुजलं आहे. मुकादमाने ते पाहिलं आणि तेव्हापासून तो उलटाही आत येत नाही. व्हरांड्यात पडून असतो, पाणी जवळ नेलं तरच पितो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं पडून राहिला तर पाय कायमचे जातील, आठवड्याभरात काय ते ठरवा. मी यांना पुन्हा गालिच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, विचार करतो. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

मला वाईट याचं वाटतं की तुमची खोली मी पडदे लावून तयार ठेवली आहे.
तुमची,
वहिनी

३१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मनगटाचं कळलं. शेक घे. रविवारी, सात तारखेला, जावईबापू येऊन मुकादमाला घेऊन जातील. लेकीच्या मैत्रिणीचं घर आहे, मातीचं अंगण आहे, ती सांभाळेल.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सहा वर्षांपूर्वी तुझ्या हॉलमध्ये मी पडले होते, आठवतं? मला चक्कर आली असं मी सांगितलं आणि तू मला तीन डॉक्टरांकडे नेलंस. मला चक्कर आली नव्हती दादा. पाय घसरला होता. तू आदल्याच दिवशी पॉलिश केलं होतंस आणि ये, बघ, म्हणून कौतुकाने हाक मारली होतीस. तुझा चेहरा पाहून माझ्याने सांगवलं नाही. त्यानंतर तुझ्याकडे आले की दाराजवळच्या खुर्चीत बसायची. मला नेहमी घरी जायची घाई असते, असं तू सगळ्यांना सांगायचास. घाई नव्हती. ती खुर्ची भिंतीला लागून होती.

मुकादमाला मी पुढे पाठवला, तो रमतो का ते पाहायला नव्हे. तो पडतो का ते पाहायला. मुक्या जनावराला असं पुढे केलं याची मला लाज वाटते. पण मला आता पुन्हा पडायची फार भीती वाटते, आणि तुझ्याकडे यायची इच्छाही तेवढीच आहे. दोन्ही खरं आहे.

रागावू नकोस. फरशी सुंदरच आहे, हे मी पडल्यावरसुद्धा मनात म्हटलं होतं.
तुझी बेबी

४ एप्रिल

प्रिय बेबीवन्सं,

घाईत लिहिते. यांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग दाराजवळच्या त्या खुर्चीत जाऊन बराच वेळ बसले. काल सकाळी उठून सुजल्या मनगटाने मशीन बाहेर काढलं. मी कपाळावर हात मारला, आता पुन्हा पॉलिश! पण नमदा बाजूलाच पडला आहे. काय करता विचारलं तर म्हणाले, टेपचं ते टोक धर.

जावईबापूंना पाठवू नका.
वहिनी

९ एप्रिल

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

फरशी घासताना आधी जाड दगड, मग मधला, मग बारीक, सगळ्यात शेवटी नमदा, असा क्रम असतो. चाळीस वर्षांत मी तो कधी मोडला नाही. या आठवड्यात पहिल्यांदा उलटा गेलो. बारीक लावला, मग मधला, मग जाड. माझंच काम माझ्याच हाताने पुसताना पहिला अर्धा तास जड गेला, हे कबूल करतो. मुकादम व्हरांड्यातून बघत होता. त्याने कामात एकही चूक काढली नाही.

व्हरांड्यापासून हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून तुझी खोली आणि न्हाणीघर, असा सलग खरखरीत पट्टा झाला आहे. ओला करूनही तपासला. बाकीची फरशी तशीच चकचकीत आहे, ती भांग पाडायला ठेवली आहे. रबरी बुडाचे गालिचेही आणले, पट्टा जिथे वळतो तिथे दोन घातले आहेत. शनिवारी मुकादम उंबऱ्याशी आला, सवयीने पाठ फिरवली, एक पाय मागे टाकला आणि थांबला. मग वळला आणि तोंड पुढे करून सरळ स्वयंपाकघरात गेला. तुझी वहिनी रडली. मी कामात होतो.

तू मला सहा वर्षं सांगितलं नाहीस याचा राग आला होता. पण मी कुणाला सांगू दिलं असतं का, याचा विचार केल्यावर तो उतरला. मला माफ कर.

पट्टा चार फूट रुंद आहे. दोन फूट तुझ्या वॉकरला, एक फूट मुकादमाला. उरलेला एक फूट माझा, कारण त्या शुक्रवारी मी टेकलो नव्हतो, पडलो होतो. हे तुझ्या वहिनीला कळू देऊ नकोस.

दाराजवळची खुर्ची तुझ्या खोलीत नेऊन ठेवली आहे. माया पुरून उरेल एवढी आहे, तू फक्त ये.
तुझा दादा

ता. क. वन्सं, पाकिटं मीच चिकटवते हे यांच्या लक्षात राहत नाही. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. पट्टा चार नाही, साडेचार फूट आहे. अर्धा फूट मी माझ्यासाठी सरकवून घेतला.