देवीचं काम

रविवार, ता. ९ मे १९२६

मिशी काढली! तीन वर्षं वाढवलेली, तूप लावून पीळ दिलेली मिशी. चिमाजी न्हाव्यानं वस्तऱ्याच्या चार फटकाऱ्यांत उतरवली आणि वर म्हणतो, "आता बरं दिसतंय." बरं कसलं! आरशात पाहिलं तर तीच बया पुन्हा समोर उभी.

सगळा उद्योग रहमतुल्लाचा. घरचा कागद करायचा धंदा सोडून हा जुन्नरचा माणूस बायस्कोपचा तंबू घेऊन गावोगाव हिंडतो. आमच्या आणे गावच्या जत्रेला आला तो नेमका तोच सिनेमा घेऊन, ज्यात मी देवी झालो होतो. म्हणाला, "सयाजीभाई, तुम्ही फक्त परद्याच्या बाजूला बसायचं. सिनेमातलं ते हिरवं लुगडं नेसून. बाकी मी बघतो."

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं.

लंका हसून हसून खालीच बसली. लग्नाला सात वर्षं झाली, पण एवढी हसलेली पाहिली नव्हती. "देवीबाय, तेवढी घागर उचला की!" भागू मात्र मला पाहून रडायला लागली. चार वर्षांची पोर — बाप ओळखू येईना!

सोमवार, ता. १० मे

काल दिवेलागणीनंतर खेळ झाला.

तंबू माणसांनी गच्च. रहमतुल्ला यंत्र फिरवतोय, त्याचा माणूस ओरडून गोष्ट सांगतोय. मी बाजूला पाटावर. शेवटी तो प्रसंग आला. पटकीनं मेलेलं पोर आईच्या मांडीवर, देवी येते, त्याच्या कपाळावर हात ठेवते, पोर उठून बसतं. (ते पोर सिनेमा काढताना उन्हानं खरंच झोपलं होतं. मी कानात "गूळ देतो, ऊठ" म्हणालो, तेव्हा कुठं उठलं.)

टाळी नाही. शिट्टी नाही. सगळे उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

नारळ आले, ओटी आली. बायडाबाईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं ते उचलेचना. मी तिच्या चोळ्या शिवतो! गेल्याच महिन्यात बाही घट्ट झाली म्हणून मला चार शिव्या देऊन गेली होती.

खरं लिहितो. इथं कोण वाचणार आहे? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बुधवार, ता. १२ मे

रहमतुल्ला तंबू उचलून अवसरीकडे गेला. मी पुन्हा मशीनवर. चोळ्या, बंड्या, टोप्या.

सिनेमात एकच काम जमलं आणि तेही चुकून. पुण्याच्या सिनेमा कंपनीत मी शिंपी म्हणून गेलेलो. देवी होणारा पोरगा भांडून पळाला. त्याची चोळी मी माझ्याच अंगावर बेतलेली, म्हणून कंपनीचे साहेब म्हणाले, "तूच बस." बसलो. बसलो तो बसलोच! पुढच्या सिनेमात मला फौजदार केलं. पहिल्याच खेळाला मी पडद्यावर चोराच्या कानफटात मारली आणि थिएटरातल्या बाया हात जोडून उभ्या! माणसं हसली, सिनेमा पडला. साहेब म्हणाले, "सयाजी, तुझ्याकडं बघून कुणी भीत नाही रे. नमस्कार करतात." राजा मागितला, सावकाराचा कारकून मागितला, नुसता दारवान मागितला. नाही मिळाला. कंपनी बुडाली तेव्हा ते लुगडं तेवढं घेऊन गावी आलो आणि मिशी वाढवली.

जळतंय अजून. दारवान तरी द्यायला हवा होता.

शुक्रवार, ता. १४ मे

खालच्या आळीत पटकी. काल रात्रीत दोन गेले. जत्रेच्या गर्दीत विहिरीचं पाणी नासलं म्हणतात. लंकेनं आजपासून पाणी उकळायला घेतलं. भागूला अंगणातसुद्धा सोडायचं नाही असं ठरवलंय.

शनिवार, ता. १५ मे

बायडाबाई आली. कडेवर नातू — मान टाकलेला, डोळे खोल गेलेले. उंबऱ्यावर निजवला आणि म्हणाली, "हात ठेव."

म्हटलं, "बायडाबाई, मी सयाजी. शिंपी. तुला ठाऊक नाही का?"

"ठावं हाय रं. पर त्यो हात तुझाच व्हता न्हवं?"

हात माझाच होता.

ठेवला. कपाळ गार होतं, ओलं होतं. लंकेनं मला बाजूला सारलं आणि पोराला भाताची पेज, मीठ घालून, चमच्या चमच्यानं पाजत दिवसभर बसली. मी नुसता बघत होतो.

रविवार, ता. १६ मे

पोर जगलं!

आनंद व्हायला हवा. भीती वाटते आहे. गाव माझ्या हाताला मानतंय, पेजेला कुणीच मोजत नाही.

सोमवार, ता. १७ मे

सकाळी दार उघडलं तर अंगणात अकरा जणं. कुणी पाठीवर आणलेलं, कुणी घोंगडीत. सगळ्यांवर हात ठेवला. ठेवला नाही तर काय करू? लंकेनं मोठं पातेलं चढवलं. लाकडं संपत आली.

खरी भीती वेगळीच. विहिरीत तांबडं औषध टाकायला सरकारी माणूस आला होता, त्याला वेशीतूनच परत लावलं. धर्माजी पाटील म्हणाले, "आमच्या गावात देवी बसलीया. तुमचं औषध टाकून तिला बाटवायची काय?" हौशीरामाची बैलगाडी त्याची दुखणाईत बायको घेऊन जुन्नरच्या दवाखान्यात निघालेली, तीसुद्धा माघारी वळवली. माझ्या दाराशी आणून सोडली.

म्हणजे आता जी माणसं मरतील ती माझ्यामुळं मरतील.

मंगळवार, ता. १८ मे

हौशीरामाची बायको साळुबाई गेली. काल तिच्या कपाळावर हात ठेवला होता. लंका तिला पेज पाजत होती, पण एक घोट आत राहिला नाही.

मला वाटलं आता गाव मारायला उठेल. उठलं असतं तर बरं झालं असतं! हौशीराम आला आणि माझ्याच पुढे हात जोडले. "माझंच कायतरी चुकलं आसंल." लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय. त्याच्या नजरेला नजर देववेना.

दुपारी चिमाजी न्हावी दारात. "पाटलांचा हुकूम हाय. रोज सकाळी यायचं." पाटलांच्या म्हणण्यानं चूक सापडली — माझ्या ओठावर खुंट वाढले होते आणि अंगावर लुगडं नव्हतं. म्हणून साळुबाई वाचली नाही! चिमाजी वस्तरा गालावर टेकवेना. "रगत निघालं तर माझ्या घरावर येईल," म्हणाला. तो मला भीत होता, मी वस्तऱ्याला. शेवटी मीच खुंट तासले.

लुगडं नेसलो. भागू पुन्हा रडली.

बुधवार, ता. १९ मे

पळून जायचं ठरवलं. घोडेगावला लंकेचा भाऊ आहे. मशीन तसंच टाकलं, बोचकं एकच घेतलं, भागू खांद्यावर. उजाडताना वेशीपाशी पोचलो.

वेशीत दोघं काठ्या घेऊन बसलेले. दोघंही माझ्याहून दांडगे. एकानं काठी खाली ठेवली, वाकला आणि म्हणाला, "आई, माघारी फिरा. तुमी शीव वलांडली तर आमी कुणाकडं बघायचं?"

शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. आई म्हणाले! माघारी फिरलो. घरी आल्यावर लंका म्हणाली, "दुखणं पातेल्यानं बरं व्हईल तेवढं व्हईल. पर तुमचं हे देवीपण कशानं बरं व्हायचं?"

आज चार गेले.

गुरुवार, ता. २० मे

जाळलं.

सकाळी परसात लुगडं पेटवलं. काठाची जर शेवटपर्यंत जळत नव्हती, काठीनं ढोसावी लागली. कंपनीत त्याच्या काठाला मीच अस्तर लावलं होतं. सगळी राख सुपात घेतली आणि चावडीवर गेलो. बंडी-धोतरात.

पाटील होते, सगळं गाव होतं. सूप पालथं केलं. म्हणालो — कसं म्हणालो देव जाणे! — "ही तुमची देवी. मी शिंपी आहे. ते पोर मेलेलं नव्हतं, झोपलं होतं, मी त्याला गूळ कबूल केला म्हणून उठलं. साळुबाईला मी वाचवलं नाही आणि बायडाबाईच्या नातवालाही मी वाचवलं नाही. त्याला लंकेच्या पेजेनं वाचवलं. विहिरीत औषध टाकू द्या. गाड्या जाऊ द्या."

हौशीराम एवढंच म्हणाला, "मंग त्या दिशी का बोलला न्हाईस? साळूला गाडीतून उतरवलं तवा का न्हाई बोललास?"

मी रिकामं सूप उचललं.

पाटलांनी काठीनं राख चाळवली. मग म्हणाले, "सोडा औषधवाल्याला आत."

शुक्रवार, ता. २१ मे

विहिरीचं पाणी तांबडं झालं. जुन्नरला तीन गाड्या गेल्या.

चावडीवरून येताना बायडाबाई दिसली. वाकून मातीतली राख चिमटीनं वेचत होती, पदरात घालत होती. माझं डोकं फिरलं. भर रस्त्यात ओरडलो, "अगं येडी का खुळी तू? लुगड्याची राख ती! अंगारा म्हणून लावणार काय कपाळाला?" तिनं वर पाहिलं नाही. पदराला गाठ मारली आणि गेली. लोक बघत होते. मला बरं वाटलं — निदान कुणावर तरी ओरडता आलं.

शनिवार, ता. २२ मे

दुपारी छपरावर दगड आले. दोन कौलं फुटली. हौशीराम दारावरून गेला, थुंकला. चोळी शिवायला कुणी येत नाही. पाणी भरायला लंका गेली की बाया सरकून उभ्या राहतात.

पण कालपासून नवीन एकही दुखणाईत नाही! एकसुद्धा नाही! थुंकू देत. ओठावर खुंट आलेत, हात फिरवला की टोचतात. आज आठ दिवसांनी पोटभर जेवलो. भागू मांडीवर बसून गालाला हात लावून म्हणाली, "आता बाबा."

सोमवार, ता. २४ मे

पहाटेपासून भागूला. काल उन्हातून खेळत शेजारी गेली, तिथल्या रांजणातलं पाणी प्याली म्हणे. लंका पेज पाजते आहे, पोटात काही ठरत नाही. डोळे खोल गेलेत. हौशीरामाला कुणी सांगितलं नाही, तरी त्यानं गाडी जुंपली आणि डॉक्टरला आणायला जुन्नरला गेला. संध्याकाळ होईल.

मी बायडाबाईच्या दारात जाऊन उभा राहिलो. मी हात पुढे केला. तिनं पदराची गाठ सोडली.