येतो, येतो म्हणणाऱ्यांचं बटण

नाशिक, मंगळवार

ती. बहिरूमामांना,

भाची हर्षालीचा वाकून नमस्कार (साडी नेसून वाकले, लग्नाची तेवढीच तालीम). कळवणला सगळे बरे ना? मामींचा गुडघा काय म्हणतो? आम्ही बरे आहोत. फक्त आईने माझ्याशी अबोला धरलाय.

झालं असं, की घरोघरी पत्रिका वाटण्याऐवजी मी हौसेने लग्नाचं वेबपेज केलं. प्रत्येक पाहुण्याच्या नावापुढे एक बटण. आधी त्यावर 'येणार नाही'. दाबलं की 'येणार'. पुन्हा दाबलं की परत 'येणार नाही'. (हे जावास्क्रिप्टचं काम. क्लिक झाल्यावर काय करायचं ते त्याला एकदा सांगितलं की ते निमूट ऐकतं. आपल्या घरात ऐकणारं तेवढं एकच.) ऑफिसात असली बटणं मी झोपेत करते, पण ऑफिसातली बटणं आपले पाहुणे दाबत नाहीत! काल यादी उघडली तर अख्खं पिंपळगाव 'येणार नाही', अख्खं लासलगाव 'येणार नाही'. येणार कोण, तर एकटा फोटोग्राफर! घाबरून नवसाआत्याला फोन लावला.

"अगं, म्या तर दोनदा दाबलं!" आत्या म्हणाली. "एकदाच 'येते' म्हणलं तर कोरडं वाटतं ना, पोरी. लय तोंडदेखलं."

मामा, मला हसू आवरेना. खरंच की! आपल्याकडे एकदाच 'येतो' कोण म्हणतं? जितकी माया तितके क्लिक, आणि माझ्या बटणाने सगळ्या मायाळू माणसांना इमानेइतबारे घरी बसवलं. आता बटण बदललंय: एकदा 'येणार' झालं की कितीही दाबा, 'येणार'च. सगळ्यांनी पुन्हा दाबलं, आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

आई मात्र यादीत तुमच्या नावापुढचं 'येणार नाही' बघत बसते. साखरपुड्यात टोपी-टॉवेल तुमच्याआधी काकांना दिला गेला, तेव्हापासून तुम्ही फोन उचलत नाही. "मामाला कुणी बटणावर बोलावतं का?" एवढंच माझ्याशी बोलली, आणि रडली. मामाशिवाय मला मांडवात कोण आणणार? मी तिला सांगितलंय, मामांनीही दोनदाच दाबलं असणार.

तुमची लाडकी,
हर्षाली

ता. क. सोबत अक्षता आहेत. लग्न रविवारी सकाळी. पहिला मान तुमचा, काका स्वतःच म्हणाले.

आणखी एक (हे मामींनाही दाखवू नका). आत्याच्या फोननंतर मी पेजच्या नोंदी तपासल्या, कुणी किती वेळा दाबलं ते त्यात दिसतं. तुम्ही एकदाही दाबलेलं नाही, मामा. पत्र मिळताच आईला फोन करा आणि म्हणा, "मी तर दोनदा दाबलं होतं." खोटं मी बोलून ठेवलंय, तुम्ही फक्त या.