रिव्हॉल्वर मोहितला देऊ नये

माझ्या बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्वरची खरी किंमत आधी नोंदवतो. दुकानाच्या पावतीवर कोणी जाऊ नये. अठरा महिने अर्जाच्या मागे, कचेरीच्या एकवीस चकरा, चांगल्या वर्तणुकीचे दोन दाखले (त्यातला एक देणारे गृहस्थ पुढे स्वतःच आत गेले), मुलाचे ठरलेले एक लग्न आणि एक मित्र. बायको तेवढी टिकली.

हे लिहून ठेवणार मी, गिरिधर बळीराम हेडाऊ, वय एकाहत्तर, राहणार लकडगंज, नागपूर. लाकडाचा हातठेला ओढत सुरुवात केली, आज लाकूड कापायची स्वतःची आरामशीन आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कानांना दाखल्याची गरज नाही. ओंडका ठोकून आत पोकळ की भरीव ते सांगतो, माणसाचेही तसेच. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. हत्यारवाल्यावर कोण आणणार? मिळकत सगळी स्वकष्टाची, म्हणून वाटणीही माझ्या मनाची.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी पत्नी पुष्पलता हिच्या. चौदा वर्षे ती विचारत आली, "मंगळसूत्र लॉकरमंदी अन् बंदूक उशाशी! लगन माह्याशी लावलं का तिच्याशी?" उत्तरादाखल घर घ्यावे. उशी बदलावी.

२. रिव्हॉल्वरचे चामडी कव्हर शेजारचे लाकूडवाले ओमप्रकाश यांना, सप्रेम. परवान्याचा किडा त्यांनीच माझ्या डोक्यात सोडला. "गिरिधरभाऊ, कमरेले बंदूक असली का बँकेचा मॅनेजरही चहा पाजते." मॅनेजरने चहा पाजला नाही, "ते बाहेर ठेवून या" म्हणाला. गल्लीत नमस्कार मात्र वाढले. इज्जत वाढली असे समजून मी चार पावले पुढे जाई, तोच मागून ऐकू येई, "गेला डाकू." कान चांगले असण्याचे हे असे तोटे.

३. आरामशीन आणि तिचे आवार मुलगा मोहित याचे, एका अटीवर. माझ्या पश्चात त्याने या हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज करू नये. केल्यास आरामशीनही त्याच्या आईची. रिव्हॉल्वर पुष्पलताने ठाण्यात जमा करावे आणि ते नष्ट करावे असे लिहून द्यावे.

कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी साखरपुड्याला त्याने ते माझ्या कपाटातून काढले, परवाना बापाचा असताना स्वतःच्या कमरेला खोचले आणि ढोलापुढे नाचला. तिसऱ्या ठेक्याला ते निसटून मुलीच्या मामाच्या पायाशी पडले. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "शेठ, आम्ही पोरगी द्यायले आलो होतो, खंडणी नाही." मोहितला अजून त्यात स्वतःचे काही चुकले असे वाटत नाही. "बाबा, तुम्ही गोळी चालवली तवाच चोर पळाले ना? मंग मले काहून नाही?"

चोर पळाले हे सगळ्या लकडगंजला ठाऊक आहे. भरदुपार, आरामशीन बंद, आवारात तिघे, समोर मी एकटा, हवेत एकच गोळी. अकरा वर्षांत पुन्हा कोणी आवाराची भिंत चढले नाही. ही हकीकत मी दोनशे वेळा तरी सांगितली असेल, आणि मोहित ती ऐकतच मोठा झाला.

४. नागसेन रंगारी यास काही देत नाही. एक हातठेला आम्ही दोघांनी ओढला. पुढून मी, मागून तो. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या घरी जेवायला बसताना माझा शर्ट वर सरकला. तो ताट तसेच ठेवून म्हणाला, "काहून गा गिरिधर, माह्या घरी वरण-भात खायले येतं, अन् कमरेले लोखंड? मी काय तुले लुटून राहिलो का?" मी हसलो. तो हसला नाही, आणि त्यानंतर त्याने बोलावलेही नाही.

वकील जया पौनीकर सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये. मला नागसेनची सही हवी, म्हणून त्याचा वाटा शून्य. मोहित उद्या कोर्टात गेला, तर खरेच बोलेल असा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

मागच्या रविवारी नागसेनकडे गेलो, कंबर मोकळी ठेवून. त्याने चष्मा लावून इथपर्यंत सगळे वाचले आणि पेन परत केले.

"हे वाचून पोराले बंदूक अजूनच पाहिजे होईन. तुह्या गोळीची गोष्ट आहे ना यात. खरं लिहिशीन तं सही करतो."

"तुले काय माहीत?"

"त्या दिवशी मी मागच्याच गल्लीत होतो. लाकूड मीबी वाह्यलं गा. फळीचा आवाज मले समजत नाही का?"

५. सबब हे कलम वाढवले आहे. त्या दुपारी मी आवारात पोचलो तो आवाज झाल्यानंतर. चोराच्याच हातून सागाची जाड फळी सिमेंटवर सपाट पडली होती, आणि त्या धडाक्याला भिऊन तिघे भिंतीवरून पसार झाले होते. गल्ली जमली. कोणी विचारले, "शेठ, गोळी घातली का?" मी मिशीवरून हात फिरवला. बाकीचे लोकांनी केले. मोहित, तू ज्याच्यासारखा व्हायला निघालास तो माणूस झालाच नाही. आरामशीन सांभाळ.

वाचले, पटले, खालील दोघांच्या देखत सही केली.

नागपूर, १२ नोव्हेंबर २०२५
गिरिधर बळीराम हेडाऊ (सही)

साक्षीदार:
नागसेन रंगारी (सही)
अ‍ॅड. जया पौनीकर (सही)

सोबत जोडले: डॉक्टरांचा दाखला; पोलीस ठाण्याची पावती, सप्टेंबर २०१४. निवडणुकीच्या काळासाठी जमा: रिव्हॉल्वर एक, काडतुसे पंचवीस. परत दिल्याची तारीख: फळी पडल्यानंतर नऊ दिवसांनी.