भिंगरीच्या शेजारची खुर्ची

३ जून, सकाळ
रिमोटच्या पाठीचं झाकण नाहीसं झालं आहे. जो माणूस ऑफिसात 'वेळेचं नियोजन आणि एकाग्रता' यावर लोकांना ट्रेनिंग देतो, त्यानं स्वतःच्या घरी सेल अंगठ्यानं दाबून धरत बातम्या बघाव्यात! अंगठा दुखतो. सोसतो आहे.

संशयित एकच. माझी मुलगी, वय वर्षं नऊ. घरात तिला भिंगरी म्हणतात. गेल्या आठवड्यात तिनं मिक्सर उघडला होता. (तो आता आधीपेक्षा बरा चालतो, पण मुद्दा तो नाही.) "बाबा, मी नाही घेतलं," म्हणाली, आणि त्याच दमात आपला जिना एकेक नि दोन-दोन पायऱ्या मिसळून किती तऱ्हांनी चढता येईल ते सांगू लागली. विषय बदलणं हे गुन्हेगाराचं पहिलं लक्षण. झाकण मिळेपर्यंत तिचं लाडकं लोहचुंबक जप्त. सुरक्षित जागी ठेवलं आहे.

४ जून
डॉक्टरीणबाईंकडे भिंगरीच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला गेलो. मुलगी असामान्य हुशार आहे आणि तिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, म्हणाल्या. पहिली गोष्ट माझ्या घराण्यातून आली. दुसरीसाठी मी बायकोकडे पाहिलं.

घरात आणखी कोणी असं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी ताबडतोब मेहुण्याचं नाव दिलं. बायको माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. माझा हजरजबाबीपणा तिला अजून आवडतो.

सल्ला: अभ्यासाला शेजारी मोठं माणूस बसावं. शिकवायचं नाही, बोलायचं नाही, आपलं काम मुकाट्यानं करायचं. त्यानं मुलीचं मन टिकतं. एवढंच? मी तर याचा पगार घेतो.

छत्री दवाखान्यात राहिली.

५ जून
चार रंगांत टाइमटेबल करायला बसलो. हिरवं पेन सुकलेलं. आणायला गेलो. आलो ते टॉर्च, एक कुंडी आणि जहाजाच्या मॉडेलचं खोकं घेऊन. पेन उद्या.

बायको म्हणाली, "माळ्यावर गिटार आहे, स्केट्स आहेत, सुतारकामाची पेटी आहे. आता हे जहाज कुठं नांगरताय?" बहुआयामी माणसाशी संसार करणं सोपं नाही, हे मी समजू शकतो.

६ जून, संध्याकाळी ६
भिंगरीच्या शेजारी बसलो. आता उठणे नाही.

६.१०
उठलो. पाणी प्यायलो. खिडकी लावली, मग उघडली. तिचा सात हा एकासारखा दिसतो, एवढंच सुचवलं. "बाबा, तू पायानं टेबल हलवतोयस," म्हणाली. पाय नव्हे, टेबलच डुगडुगतं. कागदाची घडी करून त्याच्या पायाखाली सरकवली. तो कागद तिचा गृहपाठ निघाला. महत्त्वाच्या वस्तू कुठेही टाकायच्या, ही या घरातली जुनी खोड आहे.

९ जून, रविवार
मेहुणा आला. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. भिंगरी त्याला दंतमामा म्हणते. माझ्या खुर्चीवर बसला, वर्तमानपत्र पसरलं आणि एक कवळी बारीक कानशीनं घासू लागला. शेजारी भिंगरी गणितं करत होती. तास उलटला. दोघांत चकार शब्द नाही. पोरगी जागची हलली नाही.

मी चार-पाच वेळा सहज तिथून गेलो. पंख्याचा आवाज तपासायचा होता. दर वेळी ती कवळी माझ्याकडे बघून हसत होती.

"भावोजी, बसा ना," मेहुणा म्हणाला. माझ्याच घरात मला! त्या खुर्चीवर मी सलग फारसा कधी बसलेलो नाही हे खरं, पण खुर्ची माझी आहे.

तो निघाला तेव्हा भिंगरीनं त्याच्या दंडाला डोकं टेकवलं. मला काही वाटलं नाही.

नंतर: काहीही वाटलं नाही.

११ जून
सकाळी भिंगरीनं बाथरूमचा नळ चालू ठेवला. बायको प्रेमानं म्हणाली, "असू दे गं, डोक्यात चार गोष्टी चालू असतात तुझ्या." संध्याकाळी मी नळ चालू ठेवला. "डोकं गहाण टाकलंय का?" नळ तोच. बादली तीच. नऊ वर्षांच्या मुलीचा हेवा करणं मला शोभत नाही, म्हणून करत नाही. फक्त नोंद.

१४ जून
मोठी बातमी. गणिताच्या खास वर्गाची प्रवेशपरीक्षा तेवीस तारखेला. प्रवेश मिळाला तर भिंगरीला तिच्यासारखीच मुलं भेटतील. आत्ताच्या शाळेत ती बाकावर कमी आणि दाराबाहेर जास्त असते. मधल्या सुट्टीत एकटी डबा खाते, असं बायकोनं आज पहिल्यांदा सांगितलं. (पहिल्यांदा नाही, असं तिचं म्हणणं.)

अशा मुलांबरोबर एका मोठ्या माणसाला आत शेजारी बसू देतात. ते माणूस मुलानं निवडायचं. माझा निळा शर्ट इस्त्रीला दिला.

१६ जून
मूक कामाचा सराव म्हणून जहाज जोडायला घेतलं. शिडापर्यंत पोचलो नाही. सूचना वाचणं हे नवशिक्यांचं काम. टेबलाला जहाज चिकटलं, जहाजाला मी. दंतमामानं लॅबमधलं कसलंसं द्रव्य आणून माझी बोटं सोडवली. "होतं असं, भावोजी." त्याचं असं कधीच होत नाही, म्हणूनच तो माणूस मला सहन होत नाही.

१८ जून
भिंगरीनं दंतमामाला निवडलं.

मी शांतपणे कारण विचारलं. (शांतपणे नव्हे, म्हणे.) ती म्हणाली, "बाबा, तू असलास की मजा येते. मला तुझ्याकडेच बघावंसं वाटतं. आणि आपण दोघंही हलत बसलो तर पेपर कोण लिहिणार?"

पहिली दोन वाक्यं कौतुकाची आहेत. तिसऱ्याचा अर्थ लागला नाही. निळा शर्ट कपाटात ठेवला.

२३ जून, सकाळी ९.४०
गाडी मीच चालवली. बापाचा तेवढा हक्क. बोलता बोलता वळण चुकलं. मग दुसरं चुकलं. मागून भिंगरीनं डोळे मिटून रस्ता सांगितला: "डावीकडे, पंप, उजवीकडे, संपलं." घंटा होताहोता पोचलो. भिंगरी आणि दंतमामा पळत आत गेले. दार बंद.

१०.१५
बाहेर बाकावर आहे. खरं तर बाकाभोवती आहे. रखवालदार म्हणाला, "साहेब, बसा की, मला गरगरतंय."

१०.३०
वेळ जाईना, म्हणून माहितीपत्रक वाचायला घेतलं. चष्मा घरी राहिला. जुना गाडीच्या खणात असतो. त्याचं घर उघडलं. आत चष्मा. चष्म्याखाली रिमोटचं झाकण.

सेल कोणते आणायचे ते दुकानदाराला दाखवायला मीच नेलं होतं. हरवू नये म्हणून नीट ठेवलं होतं.

बराच वेळ गाडीत बसलो. न हलता. कोणी बघायला नव्हतं.

२९ जून
भिंगरीला प्रवेश मिळाला. तिनं पहिला फोन दंतमामाला केला. करायलाच हवा होता.

दुपारी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन केला. छत्रीचं विचारलं. मग अपॉइंटमेंट मागितली. मुलाचं वय काय, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं. सत्तेचाळीस म्हणालो. त्यांनी वय पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, आम्ही फक्त लहान मुलांना बघतो.

१ जुलै, सकाळी
नव्या वर्गाचा पहिला दिवस. झाकण रिमोटला बसवलं. लोहचुंबक शोधायला घेतलं. सुरक्षित जागा काही आठवेना. कपाटं झाली, माळा झाला, गिटारच्या आतसुद्धा बघितलं. ते फ्रिजच्या दाराला चिकटलेलं होतं. मीच चिकटवलं होतं, तिच्या नाकासमोर, सगळे दिवस. तिनं हात लावला नव्हता.

ती दुसरा मोजा शोधत खोलीभर फिरत होती. मी तिचं दप्तर उघडलं आणि लोहचुंबक कंपासपेटीत ठेवलं. शार्पनर टक्कन येऊन त्याला चिकटला. पेटी बंद केली. मोजा माझ्या खिशात निघाला, तोही दिला.