सान हुआनचा डबा

ति. दादास,

रत्नाचा नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनीची शुगर आपापल्या जागी असतील असं धरून पुढे लिहिते. फोन केला असता, पण अमेरिकेतल्या या एडिसन गावातल्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या, बोललेलं सगळं यतीनला ऐकू जातं. म्हणून पत्र.

यतीन आणि सूनबाई स्वानंदीने मला तीन दिवस सान हुआनला नेलं. हे पोर्टो रिको बेटावरचं शहर, पण अमेरिकेचंच. "आई, कॅरिबियन आहे, एन्जॉय कर," म्हणे लेक. एन्जॉय काय करायचं? समुद्र मालवणला आहे तसाच, घामही तसाच. जुन्या शहरात रस्ते निळ्या दगडांचे (दिसायला छान, चालायला भिकार). बोटीतून एका दमात अख्खं गाव उतरतं आणि रस्त्यातल्या मांजरांचे फोटो काढत बसतं. एक मोठा किल्ला आहे म्हणे. तो बघायचा राहिला, कारण डबा.

आम्ही राहिलो ते घर इराइदा नावाच्या बाईचं. माझ्याच वयाची. खाली ती, वर आम्ही. मी मटण-बिटण खात नाही हे कळल्यावर तिने पहिल्याच दिवशी ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात पाठवला, डबा भरून. आता दुसऱ्याचा डबा रिकामा कसा द्यायचा? मी शिरा करून भरून दिला (रवा माझ्या बॅगेत असतोच, यतीन हसतो, हसू दे). संध्याकाळी डबा परत वर, आत केळ्याचे काप. मी थालीपीठं दिली. सकाळी नारळाच्या दुधातली खीर हजर. खाली टॅक्सी उभी, यतीन ओरडतोय, "आई, फोर्ट बंद होईल यार!" आणि मी कांदा चिरतेय. शेवटी स्वानंदीच्या मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, बाई, तू थांबत का नाहीस? तर म्हणते, "भरून आलेला डबा रिकामा द्यायचा नाही, असं माझी आई सांगायची. तूच थांब ना!"

निघताना मी शेवटचा भरून दिला आणि जिंकले म्हणून गाडीत बसले. तर ही धावत आली आणि खिडकीतून डबा मांडीवर. नारळाच्या वड्या. त्या विमानातच संपल्या आणि डबा एडिसनला आला. यतीन म्हणतो, कुरियर कर, नाहीतर टाकून दे. स्वानंदी म्हणते, "शी वोन्ट माइंड, आई." (तिचं सोड, मला झोप लागत नाही त्याचं काय?) पुढच्या महिन्यात मी भारतात परत येणार. मग परक्या बाईचा डबा जन्मभर माझ्याकडे?

बाकी ठीक. शहर म्हणशील तर पुन्हा जावं असं काही नाही.

तुझी,
रत्ना

ता. क. यतीन तुझं ऐकतो. त्याला फोन करून सांग, आईला तिथली हवा मानवली, परतायच्या आधी एकदा पुन्हा ने. डब्याचं नाव काढू नकोस.

आणखी ता. क. इथे येऊन पाच महिने झाले, शेजारून एक वाटीसुद्धा आलेली नाही. हे त्याला बोलू नकोस, मनाला लावून घेईल.

शेवटचं ता. क. त्याला डब्याचा संशय आलाच, तर माझ्या वतीने शब्द देऊन टाक की या खेपेला मी डबा तिथे ठेवून हात हलवत येईन. शब्द पाळायचा की नाही ते मी तिथे गेल्यावर बघेन.