ओट्याखालची बल्ली

चामोर्शी,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

चि. रोशन,

आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तू आणि मैना बरे असाल असं धरून चालते.

मोठ्या बहिणीचा नंबर तुझ्या फोनवर लागत नाही, म्हणून कागद घेतला. अजय उद्या घुग्घुसला पाळीवर जाईल आणि सुटी झाली की माजरीला येऊन हे तुझ्या हातात देईल. भाऊजी म्हणून त्याच्याशी नीट बोल. त्याचा कशातच दोष नाही.

तुझ्या भाचीचं, दिव्यानीचं, नागपुरात ठीक चाललं आहे. आईचं बीपी आता बरं आहे, पण गुडघ्यांनी हात टेकले. खाली बसून चूल-शेगडी करणं तिला जमत नाही, म्हणून स्वयंपाकघरात ओटा घातला. घातला म्हणजे मीच घातला. मिस्त्री लावला नाही. हे वाचून तुझ्या चेहऱ्यावर काय येईल ते मला दिसतं आहे.

दगड सोपस्टोनचा घेतला. आपण लहानपणी ज्या गोऱ्या दगडाने पाटीवर लिहायचो त्याचाच भाऊ, पण जास्त घट्ट. ग्रंथालयात एका पुस्तकात वाचलं, मग महिनाभर माहिती काढत बसले. शेगडीवरून उतरवलेला गरम गंज सरळ ठेवला तरी तडकत नाही, हळद-लिंबाचा डाग धरत नाही. राजस्थानातल्या एका व्यापाऱ्याने बिस्किटाएवढा तुकडा कुरिअरने पाठवला. त्यावर मी आठ दिवस तेल, ताक, चिंच सगळं सांडून पाहिलं आणि रोज वहीत लिहिलं. तुला माझी सवय माहीत आहे.

सात फुटांचा एकच तुकडा मागवला. तो ट्रकने चंद्रपूरपर्यंत आणि तिथून टेम्पोने घरी आला, सगळी वाट उभा. व्यापाऱ्याने फोनवर तीनदा बजावलं होतं, "मॅडम, आडवा करू नका, आपल्याच वजनाने मोडेल." मी पुठ्ठ्याचा साचा कापला, सिंकचं भोक आखलं. अजयने पाणी सोडलं आणि मी कटर चालवला. अजय आणि त्याच्या तीन मित्रांनी दगड उचलून ठेवला. शेजारच्या मंगलीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "खडूचा ओटा करून राह्यल्या का मॅडम? पोरं पाढे लिवतीन त्यावर!" पण जवसाचं तेल चोळल्यावर तो असा काळा झाला की त्याच बाई हात फिरवून गेल्या. आई म्हणाली, "दगडाले तेल चोपडून राह्यली, लेकराले चोपडते तशी."

तर सगळं छान झालं.

एक विचारायचं होतं. आमच्या ग्रंथालयात येणाऱ्या एका बाईंच्या घरीही असाच ओटा आहे. त्यांच्या दगडात सिंकच्या कोपऱ्यापासून एक रेघ निघाली आहे. दगडातली मूळची शीर आहे की तडा, हे कसं ओळखायचं? आणि तडा असला तर तो वाढतो का? त्या बाई फार घाबरल्या आहेत. तू मिस्त्री, दगडातला माणूस, म्हणून विचारलं. दोन ओळी लिहून अजयजवळ दे.

बाई

*

चामोर्शी,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. रोशन,

आशीर्वाद. तू उत्तर दिलं नाहीस. अजय म्हणाला, "चिठ्ठी घेतली, खिशात टाकली, चहा पाजला, पण बोलला नाई." चहा पाजलास हे मी वहीत लिहून ठेवलं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ग्रंथालयात येणाऱ्या बाई वगैरे कोणी नाहीत. ओटा आमचाच आहे. ती रेघ शीर नाही, तडा आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं.

कसं झालं ते सांगते. पहिल्यांदा गॅस पेटवायच्या दिवशी आईने ओट्याची पूजा मांडली. हळदकुंकू वाहिलं, पाच पानं ठेवली. नारळ मी पायरीवर फोडणार होते. आई म्हणाली, "पायरीवर काऊन? ओट्याचा नारळ ओट्यावर. तुह्या बाबानं घराच्या उंबऱ्याचा उंबऱ्यावरच फोडला होता." दोन वर्षांत पहिल्यांदा तिने बाबांचं नाव हसून घेतलं. माझ्या हातातला नारळ तिने घेतला. तिचा हात वर गेला तेव्हा मला दिसलं की नारळ सिंकच्या पुढच्या चार बोटांच्या पट्टीवर पडणार आहे. पूर्ण दगडात सगळ्यात नाजूक जागा ती. चिकटवलेलंही नीट वाळलं नव्हतं. हे सगळं मी वाचलेलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

नारळ बरोबर मधोमध फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंगलीबाई म्हणाल्या, "शकुन चांगला हाय!" त्याच आवाजात दुसरा एक आवाज होता, बारीक, खालचा. तो फक्त मी ऐकला.

सगळे गेल्यावर बॅटरी घेऊन मी खाली वाकले. दोन बोटांची रेघ होती. मी दगडाचा भुगा आणि एपॉक्सी कालवून ती भरली, पॉलिश कागदाने घासली, वरून तेल चोळलं. आता वरून कोणालाच दिसत नाही. हे काम मला फार छान जमलं, रोशन, आणि त्याचीच लाज वाटते.

खालून मी पेन्सिलने खूण करते. रेघेच्या टोकाला आडवी काडी आणि तारीख. ३ सप्टेंबर, दोन बोटं. १५ सप्टेंबर, तीन. दसऱ्याला अर्धी वीत. आज वीत भरली. ती सिंककडून शेगडीकडे चालली आहे, आणि त्या वाटेत खाली काही नाही.

काही नाही म्हणजे, मधला आधाराचा कडप्पा मी उभाच केला नाही. व्यापाऱ्याने सांगितलं होतं, दोन फुटांपेक्षा जास्त जागा बिनआधाराची सोडू नका. मी साडेतीन सोडली. आई म्हणाली होती, "मले तिथी बसाले जागा ठेव." चहापुरती ती उभी राहते, पण तरोट्याची भाजी निवडायची, लाखोळीची डाळ पाखडायची, तर तिला भिंतीला पाठ लावून खाली बसायला हवं. तिच्यासाठी बुटकं स्टूल आणलं. ते बरोबर त्या मोकळ्या जागेत बसतं. तिची पाठ भिंतीला आणि डोकं दगडाच्या खाली जेमतेम चार बोटं. "माही खोली हाय ही," म्हणते. अख्खी सकाळ तिथे असते. वर क्विंटलाहून जास्त वजन, त्यावर शेगडी, पाण्याचा गुंड.

इकडे सगळं गाव वाघाला घाबरून आहे. पलीकडच्या शिवारात धान कापायला बाया एकट्या जात नाहीत, डबे वाजवत जातात. मंगलीबाई म्हणतात, मॅडम, तुम्ही बरं, पक्क्या घरात. मी मान हलवते. माझं भय पक्क्या घरात आहे. मिक्सर लावला की मी हात ओट्याखाली धरते, जसा काही माझा हात ते वजन पेलणार आहे. ग्रंथालयात पुस्तक पडलं तरी उठून उभी राहते. फोन वाजला की आधी आईचं नाव मनात येतं. काल शिक्का मारायचा सोडून मी एका मुलीच्या पुस्तकावर पेन्सिलने आडवी काडी काढली आणि तारीख लिहिली.

आईला तिथून उठवायला मी काय काय सांगितलं! झुरळं झाली आहेत, ओल आहे, कंबर धरेल. ती म्हणते, "तुले माही अडचण होऊन राह्यली काय?" मग मी तिचं स्टूल पुसून परत तिथेच ठेवते.

खरं का सांगत नाही, हे मी स्वतःला रोज विचारते. एक उत्तर असं की तिला वाटेल तिच्या नारळाने फुटला. दुसरं असं की ओटा घालताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "मिस्त्र्यांच्या भरवशावर राहून काय होतं ते पाहिलं आपण." ते तुलाच होतं. आता कोणत्या तोंडाने सांगू? तिसरं उत्तर आहे, ते आज लिहीत नाही.

तू ये किंवा काय करू ते सांग. उपकार म्हणून नको करूस. आईसाठी कर.

बाई

*

चामोर्शी,
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

रोशन,

अजय काल आला. त्याने बूटही काढले नाहीत, दारातूनच म्हणाला, "चिठ्ठी त्यानं माह्यासमोर वाचली. एकच इचारलं, मधात आधार हाय का नाई भाऊजी? मी म्हटलं नाई. त मले म्हणते, बसू नोका, उठा, घरी जा अन् बल्ली लावा. आजच. अन् तिनं कितीही म्हटलं तरी काढू नोका."

तिनं कितीही म्हटलं तरी.

तू हे ठरवून म्हणालास की सहज, मला माहीत नाही. पण मी तिथेच उंबऱ्यावर बसले. तिसरं उत्तर हेच होतं. आता लिहिते.

दोन वर्षांपूर्वी गावच्या घराच्या छज्ज्याचा स्लॅब तू टाकलास. चौथ्या दिवशी मी तुला फोन केला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला माझ्या सासरचे पाहुणे येणार होते, नाटकाची रात्र होती, आणि दारात छज्ज्याला टेकू दिलेल्या बल्ल्या-फळ्यांचं जंगल उभं होतं. तू म्हणालास, "आणखी आठ दिवस राहू दे बाई, कच्चा हाय." मी म्हणाले, "माह्या सासूनं बल्ल्यांखालून वाकून घरात यायचं काय? काढ म्हणते ना." तू दोनदा नाही म्हणालास. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "मी सांगून राह्यली, मोठी हाय मी." तू काढल्यास.

दुसऱ्या दिवशी बाबा दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत असताना छज्जा त्यांच्यावर कोसळला.

ते नऊ दिवस दवाखान्यात होते. नऊ दिवस मला वाटत होतं, तू आता बोलशील. तू बोलला नाहीस. आणि मग अंगणात, सगळ्या गावासमोर, मीच म्हणाले, "तुह्या हातानं बाबा गेले." तू माझ्याकडे पाहिलंस. तू काही बोलायच्या आत मी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून वहीची ती दोन पानं कोरी आहेत. एवढं सगळं लिहिते, तेवढंच लिहिलं नाही.

काल अजयने सामान ठेवलं आणि शेजारच्या खुशालभाऊंच्या वाडीतून सागाची एक बल्ली आणली. मापाने कापली, खाली फळी, वर फळी, पाचर ठोकली. आई दारात उभी राहून पाहत होती.

"माह्या खोलीत खांब काऊन गाडून राह्यले?"

मी शेगडी बंद केली. तिला बाहेर खाटेवर बसवलं आणि तड्याचं सांगितलं. तिने आपला उजवा हात उलटा करून पाहिला.

"म्हंजे माह्या नारळानं?"

"नाई आई. मधात आधार ठेवाचा होता, मी ठेवला नाई. मले माहीत होतं, तरी ठेवला नाई. नारळ निमित्त झाला."

तेवढ्यावर थांबता आलं असतं. ती मान हलवत होती, विषय संपत होता. मी म्हणाले, "अजून एक हाय." आणि छज्ज्याचं सांगितलं. फोनचं. तुझ्या दोन वेळच्या नाहीचं. अजय तिथेच उभा होता. त्यालाही हे माहीत नव्हतं.

मला वाटलं ती मला मारेल, किंवा रडेल, किंवा म्हणेल की मला आधीच कळलं होतं. यातलं काही झालं नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग रोश्यानं काऊन नाई सांगतलं?"

मी खाटेजवळ खाली बसले.

"दोन वर्सं पोरगं दारात आलं नाई. मी त्याच्या हातचं पाणी घेतलं नाई. अन् त्यानं तुह्यं नाव नाई घेतलं. काऊन?"

या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे आहे, रोशन. तिला येऊन तूच सांग. नसेल सांगायचं तर नको सांगूस, पण ये.

आज सकाळी तिने चहा घेतला, कप स्वतःच धुतला आणि स्टूल उचलून बाहेर ओसरीच्या काठावर नेऊन बसली. तिथे तिला पाठ टेकायला भिंत नाही. जेवताना एकदाच म्हणाली, "त्याले लिव, माय वाट पाहून राह्यली. माह्याकडून लिव, तुह्याकडून नोको." म्हणून हे तिच्याकडून.

भीती गेली का? नाही. ती फक्त जागा बदलून बसली आहे. आधी दगड पडेल याची होती. आता तू हे वाचून कागदाची घडी करशील, खिशात टाकशील आणि अजयला नुसता चहा पाजशील, याची आहे. तसं केलंस तर मी समजेन. लिहायला सोपं आहे म्हणून लिहिते, प्रत्यक्षात समजेन की नाही याची खात्री नाही.

परवा-तेरवा मंडईचे पाहुणे यायला लागतील. सासूबाईंचा फोन आला होता, "स्वयंपाकघरात बल्ली कायची उभी केली म्हणतेत? लोकं येतीन, बरं दिसत नाई." मी म्हणाले, "दिसू द्या. माह्या भावानं सांगतलं हाय, तो येईस्तोवर निघणार नाई."

बल्लीवर आज पेन्सिलने तारीख घातली आहे. तिच्याखाली जागा सोडली आहे, काढशील त्या दिवशीची तारीख तू घाल.

जिने त्या वेळी बल्ल्या काढायला लावल्या, ती
तुझी बाई,
रीता